नऊ, आठ, सात

गेल्या श्रावणात धुळ्याला मामांकडे 'टूल' या अमेरिकी बँडचं 'लॅटरॅलस' हे गाणं लावलं. मामा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. इलेक्ट्रिक गिटारचा गडगडाट त्यांना सोसेल का, ही धास्ती होती. ते डोळे मिटून मांडीवर मात्रा मोजत बसले. ध्रुवपदाशी हात अडला. पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "मात्रा एकेक कमी व्हई राह्यनी रे भो!"

अगदी बरोबर. तिथे आधी नऊ मात्रा, मग आठ, मग सात. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे नुसतं डोक्याचं संगीत, असं म्हणणाऱ्यांना मी मामांचा तो अडलेला हात दाखवेन. हिशेब कळण्याआधी तो त्यांच्या अंगाला कळला होता.

मे 2001 मध्ये आलेला, याच नावाचा हा सुमारे 79 मिनिटांचा अल्बम माझ्या मते या प्रकारातलं सर्वांत उंच शिखर आहे. शीर्षकगीताच्या सुरुवातीला शब्दांचे तुकडे अक्षरांच्या हिशेबाने पडतात: 1, 1, 2, 3, 5, 8. मग 5, 3 असे मागे येतात, पुन्हा वाढत 13 पर्यंत जातात. मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. जग हिला फिबोनाची मालिका म्हणतं; इटलीच्या फिबोनाचीचा ग्रंथ 1202 चा. पण त्याआधीच आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र यांनी ती छंदशास्त्रात मांडली होती. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बांधता येईल? शेवटी लघू ठेवला तर आधी तीन मात्रा उरतात, त्यांच्या तऱ्हा तीन. गुरू ठेवला तर दोन उरतात, त्यांच्या तऱ्हा दोन. एकूण पाच. पाच मात्रांच्या याच रीतीने आठ. म्हणजे ही मालिका आपल्याकडे मुळात कवितेच्या मोजमापातूनच आली, आणि 'टूल'ने ती पुन्हा गाण्यात आणली.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाताना एसटीत मी हाच अल्बम ऐकतो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मठ स्थापला. तसा शिलालेखच आहे. 'लीलावती'त भास्कराचार्य विचारतात, गायत्रीच्या सहा अक्षरी चरणात लघु-गुरू किती तऱ्हांनी बसतील? उत्तर 64. खिडकीच्या गजावर बोटं आपटत नऊ-आठ-सात मोजताना हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

आकडे जुळवणं काही फार अवघड नाही. खरी करामत गायक मेनार्ड जेम्स कीननच्या श्वासात आहे. तुकडे लांबत जातात तसा आवाज मोकळा होत जातो, पाच झाले की आठची ओढ लागते. ड्रमर डॅनी केरी आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकला, ते त्याच्या हातात जाणवतं. 'डिस्पोझिशन', 'रिफ्लेक्शन' आणि 'ट्रायड' ही तीन गाणी मात्र तोडून ऐकू नयेत. विलंबितात सुरू झालेली बढत शेवटी कुठे पोचते, ते सलग ऐकल्यावरच कळतं.

एक तक्रार आहे. अल्बमच्या शेवटी कर्कश गोंगाट आणि त्यात रेडिओवर बोलणाऱ्या माणसाचा घाबरलेला आवाज आहे. 'ट्रायड'नंतर मला शांतता हवी असते. मी तिथेच थांबवतो.

मामांकडेही त्या दिवशी पुढची गाणी ऐकून तिथेच थांबवलं. मामांनी डोळे उघडले. "आते ते नऊवालं परत लाव," म्हणाले, आणि कोपऱ्यातला पखवाज पुढे ओढला.