भरतीची कैफियत

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता. गोरेगाव हे मध्य प्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्याच्या गोंदिया तहसिलीत मोडणारे, धानाच्या बांध्यांनी आणि मालगुजारी तलावांनी वेढलेले गाव होते. आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा जेथे प्रांतोप्रांतीच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळांना विचारण्याचे सौजन्यही सरकारने दाखवले नाही, तेथे गोरेगावच्या कुळाला आणि शेतमजुराला कोण विचारणार होते? तरीही पुढल्या सहा वर्षांत झाडीपट्टीतील किती तरी तरुण फौजेत गेले. ते का गेले, कसे गेले, आणि जाण्याच्या त्या दिवसाविषयी म्हातारपणी काय सांगत राहिले, हा विषय लढायांच्या वर्णनांहून मला अधिक मोलाचा वाटतो.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. इंग्लंडात १९१६ साली आणि पुन्हा १९३९ साली सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला, अमेरिकेने १९४० साली तोच मार्ग धरला. हिंदुस्थानात मात्र कायद्याची सक्ती येथे राहणाऱ्या गोऱ्या प्रजाजनांपुरती आणि वटहुकुमान्वये कारखान्यांतील कसबी कारागिरांपुरतीच होती. सामान्य हिंदी माणसावर भरतीचे फर्मान कधीच निघाले नाही. युद्धारंभी सुमारे दोन लाखांची असलेली हिंदी सेना १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेली ती सर्व, कागदोपत्री तरी, स्वखुशीने आलेल्या माणसांची. आणि जगाच्या इतिहासातील सर्वांत मोठी स्वयंसेवी सेना असे तिचे वर्णन आजही अभिमानाने केले जाते.

या स्वखुशीची हकीकत मात्र जरा निराळी आहे. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तेथून येणारा तांदूळ थांबला आणि बाजारभाव असे चढले की ज्याच्या कोठीत विकण्याजोगे धान होते त्याला चार पैसे सुटले, पण जो दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करून मजुरीवर जगत होता, त्याची चूल दुपारीच विझू लागली. तेंदूपत्ता आणि मोहफूल यांवर वर्ष निघत नाही. अशा घरात युद्धाच्या आरंभीचा सोळा रुपये महिना पगार, वर शिधा, कपडे आणि बूट, शिवाय पगारातील ठराविक हिस्सा दरमहा मनिऑर्डरने घरी पोहोचण्याची सोय, हे सारे कोणी सांगत आले तर ऐकणाऱ्याने ते किती स्वेच्छेने ऐकले, याचा निवाडा कोणत्या कचेरीत व्हावा? मालगुजाराचा शब्द मोडवत नाही, पटवारी रोज दारावरून जातो, सावकार थांबायला तयार नाही: कायद्याने हात धरला नसला तरी परिस्थितीने पाठीत रेटा दिलाच होता. युद्ध तसे दूरही राहिले नव्हते. गोंदियाजवळ बिरसी येथे, आज जेथे वैमानिकांचे शिक्षण चालते, ती धावपट्टी त्याच काळात बांधली गेली.

जुन्या सैनिकांच्या बोलण्यात तोफा आणि बंदुका उशिरा येतात. आधी येते ती भरतीची तपासणी. अंगावरचे कपडे उतरवून रांगेत उभे राहणे, उंचीच्या दांडीखाली मान ताठ करणे, छातीभोवती फीत आवळली की श्वास कोंडून ती फुगवणे, डॉक्टरने दात आणि तळपाय पाहणे, हे सारे त्या वयात इतके अपरिचित आणि लाजिरवाणे असते की पुढे प्रत्यक्ष मरण जवळून पाहिलेल्या माणसालाही ते विसरता येत नाही. वयाचा प्रश्न तर मोठ्या गमतीचा असे. गावातील जन्ममृत्यूंच्या नोंदी कोतवाल बुकात असत, पण ते बुक काखोटीला मारून भरतीला जातो कोण? मिसरूड पाहून साहेब सांगेल ते वय, आणि तेच जन्मभर सरकारी दफ्तरी कायम. सोळाचा मुलगा अठराचा होऊन पलटणीत जाई आणि निवृत्तीही त्याच हिशेबाने घेई.

परंतु भरतीची आठवण सर्वांची एकसारखी नव्हती, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. इंग्रजांनी लढाऊ जातींचा सिद्धांत प्रमाण मानून १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महारांना फौजेचे दार बंद केले होते. कंपनीच्या काळापासून मुंबईच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या समाजाचा हा उघड अपमान होता, आणि त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जविनंत्यांची शिकस्त केली. पहिल्या महायुद्धात निकड पडली म्हणून १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि गरज सरताच १९२१ साली मोडीत काढण्यात आली. सुभेदाराचे चिरंजीव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या व्यवहाराचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. १९४१ साली राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नियुक्ती झाल्यावर त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आणि पाठोपाठ कामठीच्या छावणीत दुसरी. कामठी म्हणजे भंडाऱ्याच्या माणसाला रेल्वेने काही तासांची वाट. ज्या तरुणाच्या वाट्याला गावात वेठबिगार आणि वेशीबाहेरचे घर आले होते, त्याच्या भरतीच्या स्मरणात पोटाच्या आगीबरोबर एक हिरावलेला हक्क परत मिळवल्याचे समाधानही होते. इतरांच्या आठवणींबरोबर या आठवणीची सरमिसळ करणे अन्यायाचे होईल.

याच सुमारास, १९४२ च्या ऑगस्टात, शेजारच्या मुलखात चिमूर आणि आष्टी पेटले. एकाच आळीत एका घरचा मुलगा तुरुंगात आणि दुसऱ्या घरचा ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, असा तो काळ. स्वराज्याचा लढा देणाऱ्यांनी फौजेत गेलेल्यांना पोटार्थी म्हटले, आणि पुढे स्वतंत्र भारताने त्यांच्याविषयी मौन पाळले. मला स्वतःला ही उपेक्षा अयोग्य वाटते. साम्राज्याचे वीर म्हणून त्यांचे पोवाडे गाऊ नयेत हे खरे; परंतु जी माणसे भाकरीसाठी किंवा मानासाठी गेली, त्यांना गद्दार ठरवण्याचा अधिकार निश्चितच कोणाला पोहोचत नाही.

युद्ध संपताच लाखो शिपायांना रजा देण्यात आली. चार-पाच वर्षांची चाकरी निवृत्तिवेतनाच्या मुदतीत बसत नव्हती, म्हणून बहुतेकांच्या हाती डिस्चार्ज बुक आणि एक-दोन पदके एवढेच उरले. दुसऱ्या महायुद्धातील अशा पेन्शनविरहित सैनिकांना व त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासनाने मासिक अनुदान सुरू केले ते फार पुढे. १९६२ साली चिनी आक्रमण झाले आणि फौजेचा विस्तार झाला, तेव्हा दुसरी पिढी भरतीच्या रांगेत उभी राहिली; पण ते रंगरूट स्वतंत्र देशाचे होते, गाव त्यांना निरोप द्यायला बाहेर पडत होते आणि संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना त्याच धक्क्यातून १९६४ साली उभा राहिला.

महायुद्धातून परतलेल्यांपैकी आता कोणी क्वचितच हयात असेल. जे सांगायचे ते मुलानातवांनीच सांगायचे आहे. गोरेगाव आणि आसपासच्या गावांतील वाचकांना म्हणून विनंती आहे. घरातील पेटीत जुने डिस्चार्ज बुक असेल तर त्यातील नंबर, पलटण, भरतीची तारीख आणि ठिकाण उतरवून घ्या. पदक असेल तर त्याची कड आणि मागची बाजू पाहा, हिंदी सैनिकांच्या काही पदकांवर नंबर व नाव रोमन अक्षरांत कोरलेले असे. घरचे कोणी परत आले नसेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोध घ्या. तेथे अनेक हिंदी सैनिकांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव, तहसील आणि जिल्हाही दिलेला असतो. जिल्हा शोधताना गोंदिया नव्हे, भंडारा पाहावा.