नखांचा सोरायसिस आणि लेझर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोरायसिस असलेल्या सुमारे निम्म्या लोकांच्या नखांवर त्याच्या खुणा दिसतात. टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, नखाखाली तेलाचा थेंब पसरल्यासारखा पिवळट-तांबूस डाग, टोकाकडून सुटत चाललेलं नख आणि त्याखाली साचणारा भुसभुशीत थर. शर्टाचं बटण लावणं, जमिनीवर पडलेलं नाणं उचलणं, कणीक मळणं, सगळंच दुखरं होतं. लोक नखाकडे बघून हात मागे घेतात ते वेगळंच. खरं तर सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. मलमं लावून महिने जातात, फरक पडत नाही आणि मग कोणीतरी सुचवतं, ‘लेझर करून घे.’ तिथून पुढे चुकीच्या समजुतींना सुरुवात होते.

गैरसमज : नख जाड, पिवळं झालं म्हणजे बुरशीच

बुरशी आणि सोरायसिस नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखणं अनुभवी त्वचारोगतज्ज्ञालाही कधी कधी अवघड जातं आणि एकाच नखात दोन्ही असू शकतात. म्हणून उपचाराआधी नखाचा तुकडा आणि खालचा भुसा तपासायला पाठवणं गरजेचं आहे. लेझरच्या बाबतीत तर याला जास्तच महत्त्व आहे. एनडी-याग नावाचा लेझर बुरशी लागलेल्या नखांसाठीही वापरतात. जाहिरातीत ‘नखांसाठी लेझर’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो नेमका कोणत्या आजारासाठी आहे हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

गैरसमज : लेझर सगळे सारखेच, महागडा तेवढा चांगला

लेझरची तुलना करायची तर आधी नखाची रचना समजून घ्यायला हवी. नख तयार होतं ते मुळाशी, त्वचेच्या घडीखाली. तिथे आजार असेल तर नखावर खड्डे, पांढरे डाग दिसतात, नख ठिसूळ होतं. नख ज्या मऊ भागावर टेकलेलं असतं त्याला नखाची गादी म्हणू. तिथे आजार असेल तर तेलकट डाग पडतात, नख सुटतं, खाली थर साचतो. डॉक्टर नखाचे चार चौकोन कल्पून मुळाच्या आणि गादीच्या खुणांना वेगवेगळे गुण देतात. एका नखाला जास्तीत जास्त ८. ‘नॅप्सी’ म्हणतात ती मोजणी हीच, आणि लेझरचे बहुतेक अभ्यास याच आकड्यांवर उभे आहेत.

आता लेझरकडे येऊ. सोरायसिसमध्ये त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि वाढतात. पल्स्ड डाय लेझर, बोलीत ‘पीडीएल’, ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पिवळा प्रकाश टाकतो. तो रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि उष्णतेने त्या वाहिन्या बंद पडतात. नखांच्या सोरायसिससाठी लेझरांमध्ये सर्वांत जास्त अभ्यास याचाच झाला आहे.

एनडी-याग लेझरची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. तो आणखी खोल जातो, आणि त्वचेतलं मेलॅनिन त्याला कमी शोषतं. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला ही जमेची बाजू आहे, कारण काळे डाग उरण्याची भीती कमी होते. पण खोल जाणाऱ्या उष्णतेमुळे तो दुखतोही जास्त. इथे एक खबरदारी घ्यायला हवी. टॅटू आणि काळे डाग काढायला वापरतात तो ‘क्यू-स्विच्ड’ एनडी-यागही याच तरंगलांबीचा असतो, पण त्याचे स्पंद अत्यंत अल्पकाळाचे असतात. रक्तवाहिन्यांवर काम करायला लांब स्पंदाचं यंत्र लागतं. त्यामुळे ‘आमच्याकडे एनडी-याग आहे’ हे उत्तर अपुरं आहे.

पीडीएल आणि एनडी-याग यांची समोरासमोर तुलना झाली आहे. एकाच रुग्णाच्या एका हाताला एक, दुसऱ्या हाताला दुसरा. सोबत दोन्ही हातांना कॅल्सिपोट्रिऑल आणि बीटामेथासोन यांचं जेल. दोन्ही बाजूंची नखं सुधारली, परिणामात लक्षणीय फरक निघाला नाही, वेदना मात्र एनडी-यागने जास्त झाल्या. पण दोन्ही हातांना जेल होतंच. मग सुधारणेतला किती वाटा लेझरचा आणि किती औषधाचा, हे अशा अभ्यासातून सुटं करता येत नाही. क्लिनिकच्या पत्रकात ‘सिद्ध झालेलं’ असं छापतात तेव्हा ही गोष्ट गाळलेली असते, याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरा एक्झायमर. ३०८ नॅनोमीटरची अतिनील किरणं. कातडीवरच्या सोरायसिसच्या चट्ट्यांवर हा उत्तम काम करतो, म्हणून नखांवरही करेल असं गृहीत धरलं जातं. अडचण नखाचीच आहे : ही किरणं नखाच्या कठीण पत्र्यातून आत जवळजवळ पोचतच नाहीत. कुवेतमध्ये ४२ रुग्णांवर एका हाताला पीडीएल आणि दुसऱ्याला एक्झायमर देऊन तुलना केली गेली आणि २०१४ साली ती प्रसिद्ध झाली. पीडीएल स्पष्टपणे सरस ठरला. शिवाय त्यात एक्झायमरसाठी आठवड्यातून दोनदा यावं लागत होतं, पीडीएलसाठी महिन्यातून एकदा.

चौथा फ्रॅक्शनल सीओटू, १०,६०० नॅनोमीटरचा. याचं काम वेगळंच आहे. तो नखाला सूक्ष्म छिद्रं पाडतो, त्यातून मलम किंवा औषधाचं द्रावण आत उतरतं. म्हणजे हा औषधाला वाट करून देणारा उपाय. कल्पना चांगली आहे, पण सोरायसिसला इजा सोसत नाही. जिथे खरचटतं, भाजतं, तिथे नवा चट्टा उठू शकतो. म्हणून हे काम अनुभवी हातांनीच करायचं.

माझं मत असं : निव्वळ लेझरांत निवड करायची झाली तर पीडीएल पुढे, लांब स्पंदाचा एनडी-याग त्याच्या मागोमाग, आणि नखासाठी एक्झायमर शेवटी. मात्र हे सगळे अभ्यास लहान आहेत, बरेचसे पाच-पन्नास रुग्णांचे, हे लक्षात ठेवून.

गैरसमज : जोर वाढवला की गुण लवकर येतो

थायलंडमधल्या डॉक्टरांनी पीडीएलचे दोन स्पंदकाल एकाच रुग्णाच्या दोन हातांवर ताडून पाहिले. दोन्हीकडे सुधारणा सारखीच झाली. लांब स्पंद आणि जास्त ऊर्जा असलेल्या हाताला वेदना तेवढ्या अधिक. नखाभोवती जांभळे ठिपके, सूज, काही दिवस काळपटपणा हे होऊ शकतं. लेझर चालू असताना डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

गैरसमज : दोन सिटिंगमध्ये नख नवं

हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं नख यायला सहा महिने, पायाच्या अंगठ्याला वर्ष ते दीड वर्ष. बिघडलेला भाग कोणताही लेझर पूर्ववत करत नाही. तो पुढे सरकून कापलाच जावा लागतो. म्हणून साधारण महिन्याच्या अंतराने अनेक सिटिंग लागतात आणि नंतरही आजार परतू शकतो. ‘कायमचा बरा’ असं आश्वासन देणाऱ्याकडे जाऊ नका.

गैरसमज : लेझर झाला की औषधं बंद

२०१९ साली नखतज्ज्ञांच्या गटाने एकमताने मांडलेल्या शिफारशींमध्ये तीनपर्यंत नखं आणि त्याहून जास्त नखं असे दोन भाग केले आहेत. थोडीच नखं बाधित असतील तर मुळाच्या आजाराला नखाजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन, गादीच्या आजाराला स्टिरॉइड आणि ड जीवनसत्त्वाच्या गटातलं मलम. खूप नखं असतील तर पोटातून किंवा इंजेक्शनने सर्वांगावर काम करणारी औषधं. लेझर या उपायांना जोड म्हणून येतो, त्यांची जागा घेत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं. नखाचं मूळ बोटाच्या शेवटच्या सांध्याच्या स्नायुबंधाला अगदी चिकटून असतं. सोरायसिसमुळे होणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांत नखांचा आजार फार मोठ्या प्रमाणात आढळतो, इतका की त्या संधिवाताच्या निदानाच्या २००६ सालच्या जागतिक निकषांत नखांच्या खुणांना स्वतंत्र गुण आहे. लेझर नखापुरताच असतो. सांध्यातली सूज त्याने थांबत नाही आणि झिजलेला सांधा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तासाहून अधिक ताठ राहत असतील, एखादं बोट सगळंच्या सगळं सुजत असेल किंवा टाच दुखत असेल, तर लेझरची तारीख घेण्याआधी सांधेरोगतज्ज्ञांना दाखवा.