धुऱ्यावरील गवत कापविण्याचा खर्च

अमरावती व अकोला जिल्ह्यांत पावसाळा सरतांना काळ्या शिवारांतील धुऱ्यांवर मारवेल व बरड रानांत कुसळी माजते. त्याच सुमारास सोयाबीनची काढणी व कापसाची वेचणी येऊन ठेपते. त्यामुळें मजूर मिळणें कठीण व रोजहि चढा. म्हणून विळा लावण्यापूर्वीं हिशेब मांडणें अगत्याचें आहे.

समजा, चार मजुरांस दोन दिवस लागले व प्रत्येकास रोज ४०० रुपये दिले, तर खर्च ३,२०० रुपये झाला. पेंढ्या ४०० निघाल्या तर दर पेंढी ८ रुपयांस पडली. बाजारभाव याहून कमी असल्यास रोजानें कापविण्यांत तोटा आहे. गुत्त्यानें काम लवकर उरकतें, परंतु बुंध्यापासून कापणें व पेंढ्या बांधणें हें अगोदरच बोलून घ्यावें. ज्यांचे घरीं जनावरें नाहींत, त्यांनीं गवत नेण्याच्या बोलीवर कापूं द्यावें. रोकड लागत नाहीं.

कुसळी फुलोऱ्यावर असतांनाच कापावी. कुसळें पिकलीं म्हणजे तीं जनावरांच्या तोंडांत रुततात. चारा कवडीमोल होतो, मजुरी मात्र तेवढीच पडते. पेट्रोलचें यंत्र झपाट्यानें कापतें, पण पेंढी बांधीत नाहीं. ती मजुरी निराळी धरावी. कुंदा कापल्यानें मरत नाहीं. तो उन्हाळ्यांत खोल खणून त्याच्या काशा वेचाव्या.

महाराष्ट्रांत १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. मजुरास दुसरें काम मागण्याचा हक्क आहे. त्याचा रोज घटवून बचत साधत नाहीं. ती वेळेवर विळा लावण्यानें साधते.