फाशीची मागणी आणि न्यायाची भाषा

१ जून २०२३ रोजी नांदेडजवळच्या बोंढार हवेली गावात एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी झाल्याच्या रागातून तो झाला, अशी फिर्याद होती. निषेधाच्या मोर्चात मीही होतो. ‘फाशी द्या’ ही घोषणा माझ्याही तोंडून निघाली. पुढे लातूरला वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मोर्चात तुम्ही फाशी मागता आणि वर्गात सांगता की बाबासाहेबांना फाशी मान्य नव्हती. यातलं खरं कोणतं?” त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

उत्तर शोधायला मी वृत्तपत्रांची जुनी कात्रणे काढून बसलो. कारण फाशीविषयीचे आपले मत कायद्याच्या पुस्तकातून बनत नाही. ते अग्रलेखांतून आणि वाचकांच्या पत्रांतून बनते. तिथला वाद ठरावीक चाकोरीतून फिरतो. एक बाजू म्हणते, जरब बसली पाहिजे, जनभावनेचा मान राखला पाहिजे. दुसरी म्हणते, जीव घेण्याचा अधिकार राज्यसंस्थेला नाही. दोन्ही बाजूंचा ‘गुन्हेगार’ आणि दोन्ही बाजूंचा ‘बळी’ हा नुसता माणूस असतो. त्याला जात नसते, गाव नसते, चांगला वकील करण्याची ऐपत आहे की नाही हा प्रश्नही नसतो.

१९८० च्या बच्चनसिंग खटल्यातला ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हा शब्दप्रयोग दोन्हीकडे येतो. पण त्या निकालाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही पाहावी असे सांगितले, हे अर्धे वाक्य बहुधा गळते. आणि दुर्मिळ म्हणायचे तरी कशाला? आमच्या वस्त्यांवर जे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले, ते दुर्मिळ कसे ठरणार?

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीला तिला अनैतिक संबंधांच्या भानगडीचा रंग दिला गेला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली आणि हत्येमागे जात नसून सूड आहे असे मानले. माझ्या कात्रणांतला वाद ‘फाशी की जन्मठेप’ एवढाच आहे. या हत्येत जात होती की नाही, हा मूळ प्रश्न कोपऱ्यात पडला. दोर मोठा दिसू लागला की गुन्ह्याचे कारण दिसेनासे होते.

आता नोव्हेंबर २०१७ पाहा. २३ तारखेला खर्डा इथल्या दलित विद्यार्थ्याच्या खुनातले सर्व आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. २९ तारखेला कोपर्डी प्रकरणात तिघांना फाशी झाली. कोपर्डीच्या मुलीला न्याय मिळायलाच हवा होता, त्यात किंतु नाही. पण सप्टेंबर २०१६ मध्ये नांदेड आणि लातूरलाही जे प्रचंड मोर्चे निघाले, त्यांत कोपर्डीच्या आरोपींना फाशी आणि अॅट्रॉसिटी कायद्यात बदल या मागण्या शेजारी शेजारी होत्या. एकाच जिल्ह्यातली ही दोन गावे, एकाच आठवड्यातले हे दोन निकाल. जनभावना म्हणतात ती कोणत्या जनांची, हे इथे कळते.

आणि दोर शेवटी कोणाच्या गळ्यात पडतो? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ आणि ७६ टक्के मागासवर्गीय वा धार्मिक अल्पसंख्य होते. नाशिकजवळच्या २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातींतल्या सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्यांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. मधली दहा वर्षे दोर आवळला गेला नाही, म्हणून ती माणसे वाचली.

कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात मृत्युदंड एकाच ठिकाणी आहे: खोट्या साक्षीमुळे अनुसूचित जाती-जमातीचा निरपराध माणूस फासावर गेला, तर ती साक्ष देणाऱ्याला. आपल्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यातही आपला माणूस फासावर जाईल ही शक्यता गृहीत धरलेली आहे.

बाबासाहेबांचे मत ३ जून १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात आहे. फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सोय असावी की नसावी, अशी चर्चा चालली होती. त्यापेक्षा फाशीच रद्द करणे मला अधिक पसंत आहे, असे ते म्हणाले. अहिंसा हा या देशाचा नैतिक आदर्श असेल तर हेच योग्य, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मग आपण मागायचे काय? वेळेवर नोंदलेली फिर्याद. पहिल्या दिवसापासून अॅट्रॉसिटीची कलमे. दबावाखाली नसलेला तपास. फितूर होणार नाहीत असे, म्हणजेच गावात निर्भयपणे राहू शकतील असे साक्षीदार. आस्थेने खटला लढवणारा सरकारी वकील. या मागण्यांची घोषणा होत नाही, मथळाही होत नाही. पण खर्ड्यात कमी पडले ते हेच. फाशीची तरतूद तेव्हाही पुस्तकात होतीच.

त्या विद्यार्थ्याला मी आता सांगतो: मोर्चातला माझा संताप खरा होता, पण त्याला मी उसनी भाषा दिली. संताप आपला होता. शब्द त्यांच्या अग्रलेखांतले होते. पुढच्या मोर्चालाही मी जाईन. तिथे दोर मागणार नाही. साक्षीदाराला संरक्षण मागेन, आणि गुन्ह्याच्या कागदावर जात हे कारण लिहिले जाईपर्यंत मागत राहीन.