एकाच पडद्यावर वेगवेगळे रंग : प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र थीम कशी द्यावी

कुंभकोणम (तामिळनाडू) : कुंभकोणमपासून सुमारे ८ किलोमीटरवर असलेल्या तिरुभुवनम येथील रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येवल्याच्या पैठणीप्रमाणेच येथेही साडीचे मोल काठ आणि अंग यांच्या रंगसंगतीवर ठरते. हातमागाच्या नक्षीचे आरेखन आता अनेक ठिकाणी संगणकावर होते आणि तेथेच एक बारीक अडचण उद्भवते. पडद्यावर योग्य वाटलेली छटा प्रत्यक्षात निराळी दिसते, तोवर रेशीम रंगवून झालेले असते. याची कारणे अनेक असली, तरी त्यांतील एक सहसा लक्षात येत नाही. ते म्हणजे नक्षीभोवतीच्या खिडक्यांचा, पट्ट्यांचा आणि बटणांचा रंग, अर्थात संगणकाची ‘थीम’.

हे कोडे जुने आहे. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा रंग फिका पडत असल्याच्या तक्रारी येत. तपासणीअंती रंगात खोट आढळली नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यात तोच काळा धागा निस्तेज भासत होता. या निरीक्षणावर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. शुभ्र भोवतालात रंग गडद वाटतो, काळ्या भोवतालात तोच उजळ वाटतो आणि हिरवट भोवतालात राखाडीवर तांबूस झाक आल्याचा भास होतो. म्हणून रंगाचे काम करताना भोवताल उदासीन राखाडी असणे इष्ट.

परंतु संपूर्ण संगणक राखाडी करून चालत नाही. त्याच यंत्रावर हिशेब लिहावे लागतात, पत्रे टंकावी लागतात. मजकुरासाठी अनेकांना पांढऱ्यावर काळी अक्षरेच सुखावह वाटतात, तर दृष्टी अधू झालेल्यांना काळ्यावर पिवळी. म्हणूनच प्रोग्रामनिहाय थीमची गरज भासते.

सर्वांत सुरक्षित मार्ग प्रोग्रामच्या आतच असतो. ‘गिंप’ या मोफत चित्रसंपादकात २.१० या आवृत्तीपासून (२०१८) गडद, राखाडी, फिकट आणि प्रणालीनुसार अशा थीम मिळतात. चित्राभोवतीच्या रिकाम्या जागेचा रंगही त्यात वेगळा ठरवता येतो आणि रंगपारखीच्या दृष्टीने हीच सोय अधिक महत्त्वाची. ‘क्रिता’मध्येही थीम निवडण्याची सोय आहे. ‘लिबरऑफिस’मध्ये कागदाचा आणि अक्षरांचा रंग बदलता येतो.

प्रोग्राममध्ये सोय नसल्यास कार्यप्रणालीकडे वळावे लागते. विंडोजच्या एक्सपी ते ७ या आवृत्त्यांत प्रोग्रामच्या गुणधर्मांतील ‘सुसंगतता’ विभागात केवळ त्या प्रोग्रामपुरती दृश्य थीम बंद करण्याची खूण होती. पुढे ती काढून टाकण्यात आली. ज्येष्ठ लिपिकांना तिची आठवण अजून येत असेल.

लिनक्समध्ये अधिक मोकळीक आहे. तामिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना वाटलेल्या लॅपटॉपांच्या आरंभीच्या तुकड्यांत विंडोजसोबत सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही होती. तिच्या अनेक आवृत्त्यांत ‘ग्नोम’ हा डेस्कटॉप असे. ग्नोमचे प्रोग्राम ‘जीटीके’ या साधनसंचावर रचलेले असतात. त्याच्या तिसऱ्या पिढीचा प्रोग्राम सुरू होताना ‘जीटीके थीम’ या नावाच्या चलात दिलेले मूल्य वाचतो आणि तेवढ्यापुरता तो रंग धारण करतो. प्रत्येक वेळी आज्ञा टंकण्याची गरज नाही. प्रोग्रामची ‘डेस्कटॉप’ फाइल प्रणालीच्या सामायिक फोल्डरमधून आपल्या खासगी फोल्डरमध्ये उतरवून घ्यावी आणि तिच्यातील ‘एक्झेक’ या ओळीच्या आरंभी हे मूल्य लिहावे. मूळ फाइलला हात लावू नये. प्रणाली अद्ययावत होताच तो बदल पुसला जातो. चूक झाली, तर आपली प्रत हटवली की सारे पूर्ववत होते. ग्नोमच्या मूळ थीमचे नाव ‘अद्वैत’ आहे. कधीकाळी शांकर मठाचे पीठ असलेल्या आणि माध्व परंपरेतील विजयींद्रतीर्थांची समाधी असलेल्या या नगरीत अद्वैताला प्रोग्रामनिहाय द्वैत जोडण्याची ही कृती कोणाला नवलाची वाटू नये.

मात्र ही मोकळीक आकसत आहे. बाहेरून लादलेल्या थीममुळे प्रोग्रामची बटणे आणि अक्षरे बिघडतात, अशी तक्रार ग्नोमच्या काही विकासकांनी २०१९ मध्ये जाहीर पत्राद्वारे केली होती. २०२२ मधील ४२ व्या आवृत्तीपासून ग्नोमच्या नव्या प्रोग्रामांना बहुधा फिकट आणि गडद एवढेच पर्याय उरले. विकासकांचे म्हणणे गैरवाजवी नाही; पण ज्याला विशिष्ट छटेवाचून अक्षरच दिसत नाही, त्याची गैरसोय त्याने मिटत नाही.

थीमने फाइलमधील रंग बदलत नाही, बदलतो तो केवळ आपल्या डोळ्यांचा अंदाज. रात्री पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ सुविधा मात्र संपूर्ण पडद्यावर लागू होते आणि प्रोग्रामनिहाय थीम तिला रोखू शकत नाही. आरेखनाच्या वेळी ती बंद ठेवावी. राखाडी भोवतालात निश्चित केलेली छटाही रंगवलेल्या रेशमाच्या लडीशी दिवसाच्या उजेडात ताडून पाहावी आणि मगच उरलेले रेशीम रंगाच्या कढईत सोडावे.