थकलेलं बिल आणि दारातला वसुलीवाला

मीरा रोड किंवा भाईंदरच्या एखाद्या जुन्या इमारतीत नव्वदच्या दशकापासून राहणाऱ्या कुटुंबाने विजेची बिलं जपून ठेवली असतील, तर एकाच फ्लॅटच्या बिलांवर चार नावं सापडतात. आधी बीएसईएस, मग रिलायन्स एनर्जी, त्यानंतर रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर आणि ऑगस्ट २०१८पासून अदानी इलेक्ट्रिसिटी. टाटा पॉवरलाही या भागात वीजपुरवठ्याचा परवाना आहे, तो वेगळाच. याच काळात फ्लॅट विकले गेले, मालक गावी गेले, भाडेकरू अकरा-अकरा महिन्यांच्या कराराने आले नि गेले. जिन्याखालची मीटरची खोली तेवढी जागच्या जागी राहिली. अशा शहरात कुणाची तरी जुनी बाकी कुठल्या तरी वहीत अडकून राहते आणि काही वर्षांनी ती भलत्याच माणसाच्या दारात येऊन उभी राहते.

बहुतेकदा सुरुवात फोनने होते. बोलणं साधारण असं असतं : “तुमच्या नावावर २०१७चे अठरा हजार बाकी आहेत. आज सेटलमेंट केलीत तर साडेसहा हजारांत मिटवून देतो. नाहीतर फाईल लीगलला जाईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही.” आवाज आधी गोड, दुसऱ्या फोनला जरा चढा, तिसऱ्या फोनला पोलिसांचा उल्लेख. ऐकणारा गोंधळतो. २०१७ साली आपण इथे राहत तरी होतो का, हेही पटकन आठवत नाही.

पैसे द्यायचे की नाही हा प्रश्न नंतरचा. समोरचा माणूस खरोखर कंपनीचा आहे का, हे आधी पाहावं लागतं. २०२२मध्ये देशभर लोकांच्या मोबाईलवर एकाच धाटणीचे मेसेज आले होते : मागील महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ‘वीज अधिकाऱ्या’शी ताबडतोब संपर्क साधा. त्या नंबरवर फोन केला की मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकायला सांगत आणि खातं रिकामं करत. वीज कंपन्यांनी तेव्हा जाहीर इशारे दिले. म्हणून आलेल्या नंबरवर उलट फोन करू नये. छापील बिलावरचा नंबर पाहावा, अदानीच्या ग्राहकांसाठी तो १९१२२ आहे, आणि आपल्या नऊ अंकी खाते क्रमांकावर खरंच काही बाकी दिसते का ते विचारावं. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाईनवर पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे वाचण्याची शक्यता बरीच असते.

समजा, माणूस खरा निघाला आणि बाकीही कंपनीच्या खात्यात दिसते. तरीही रात्री साडेनऊला वीज तोडण्याचा अधिकार कुणालाच नाही. वीज कायदा, २००३च्या कलम ५६प्रमाणे तोडणीआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आकडाच मान्य नसेल तर याच कलमात आणखी एक दार उघडं ठेवलं आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘हरकत नोंदवून’ भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे वाक्य बिलाच्या मागे छापायला हवं होतं. वीज जाईल या एकाच भीतीने लोक चुकीची बिलंही निमूट भरून टाकतात.

जुन्या थकबाकीचा खरा गाभा याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली की ती वसूल करता येत नाही आणि तिच्यासाठी वीजही तोडता येत नाही. मात्र ती रक्कम बिलामागून बिलात थकबाकी म्हणून सलग दाखवत आले असतील, तर ही सवलत मिळत नाही. त्यामुळे जुनी बिलं ही रद्दी नव्हे. त्यांवरची ‘मागील थकबाकी’ ही ओळ मधली काही वर्षं शून्य असेल आणि आज अचानक २०१७चा आकडा उगवला असेल, तर ती शून्याची बिलंच ग्राहकाचा सगळ्यात मोठा पुरावा ठरतात.

‘प्रथम देय’ म्हणजे नेमकं कधी, यावर न्यायालयांत बराच खल झाला. वीज वापरली तेव्हा, की बिल आलं तेव्हा? महावितरण आणि विद्युत लोकपाल यांच्यातल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०१९मध्ये सांगितलं की बिल दिल्यावरच रक्कम देय होते, पण पहिल्यांदा मागणी करताना कंपनीला दोन वर्षांहून मागे जाता येणार नाही. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२०मध्ये, सर्वोच्च न्यायालयासमोर अजमेर विद्युत वितरण निगमचं प्रकरण आलं. तिथे एका ग्राहकाला जुलै २००९ ते सप्टेंबर २०११ या काळात चुकीच्या दराने बिलं गेली होती. चूक मार्च २०१४मध्ये लक्षात आली आणि फरकाचं बिल निघालं. न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. प्रामाणिक चूक सापडली तर कंपनी दोन वर्षांनंतरही फरक मागू शकते, त्यासाठी दावा लावू शकते. पण त्या फरकासाठी वीज तोडण्याचं हत्यार तिला वापरता येत नाही.

हा फरक दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना फार कामाचा आहे. वीज तोडणं वेगळं आणि कोर्टात जाऊन पैसे मागणं वेगळं. ‘दोन वर्षं झाली, आता बाकी संपली’ असं छाती ठोकून सांगणारा ग्राहकही पूर्ण बरोबर नसतो आणि ‘उद्या माणूस पाठवून कट करतो’ म्हणणारा वसुलीवाला तर त्याहून चूक असतो.

कोर्टात जायलाही मुदत आहे. मुदत कायदा, १९६३प्रमाणे अशा रकमेचा दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. ‘आज फक्त पाचशे रुपये टाका, सिस्टीममध्ये खातं चालू दिसेल’ ही विनंती वाटते तेवढी निरुपद्रवी नसते, हे इथेच कळतं. मुदत संपायच्या आत सहीनिशी बाकी कबूल केली, किंवा थोडी रक्कम भरून तसं लिहून दिलं, की तीन वर्षांचं घड्याळ पुन्हा सुरू होतं. मुदत संपलेल्या कर्जाबद्दलसुद्धा ‘मी देईन’ असं लेखी वचन दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५प्रमाणे ते बंधनकारक ठरू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पगार झाला की देतो, थोडा वेळ द्या’ असं लिहिण्याआधी म्हणूनच दहादा विचार करावा. हिशेब हातात येईपर्यंत एकच उत्तर पुरे : ‘कागद पाठवा, पाहून लेखी कळवतो.’

मीरा-भाईंदरमध्ये सगळ्यात जास्त मनस्ताप जुना फ्लॅट विकत घेणाऱ्यांना होतो. व्यवहार झाला, नोंदणी झाली, सोसायटीत नाव लागलं आणि वीजजोडणी नावावर करायला गेल्यावर कळतं की आधीच्या मालकाची बाकी आहे. ‘त्याने जाळलेल्या विजेचे पैसे मी का देऊ?’ हा प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १९ मे २०२३ रोजी केरळ राज्य वीज मंडळाच्या प्रकरणात याचं सविस्तर उत्तर दिलं. लिलावात जागा घेतलेल्यांना आधीच्या मालकाची बाकी भरायला लावली होती, असे खटले तिथे एकत्र ऐकले गेले. नियमांत तशी अट असेल तर नवी जोडणी देण्याआधी कंपनी जुनी बाकी मागू शकते, असं न्यायालयाने मान्य केलं.

महाराष्ट्रात या बाबतीत नव्या मालकाला मोठा दिलासा आहे. वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेप्रमाणे बाकी जागेबरोबर नव्या मालकाकडे येते खरी, पण जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या वीज आकारापुरतीच. वारसाला ही मर्यादा लागू नाही. वडिलांच्या नावची जोडणी मुलाच्या नावावर होताना सगळी बाकी त्याच्या मागे येते. म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या मालकाचे चाळीस हजार मागणाऱ्याला विकत घेणारा माणूस शांतपणे सांगू शकतो की माझ्या वाट्याला सहा महिन्यांचेच येतात, तेवढ्याचा हिशेब द्या.

हिशेब मागताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे अनामत रक्कम. जोडणी घेताना कंपनी अनामत घेते आणि तिच्यावर व्याजही देते. जोडणी कायमची बंद झाली की ती अनामत बाकीतून वजा व्हायला हवी. वसुलीवाल्याच्या कागदावर मात्र बहुधा एकच ठोक आकडा असतो. त्यात मूळ बिल किती, विलंब आकार किती, व्याज किती आणि अनामत वळती केली का, हे फोडून मागितलं की पुष्कळदा अठरा हजारांचा आकडा बराच खाली येतो.

फोन आणि मोबाईलच्या जुन्या बिलांची तऱ्हा निराळी. तिथे कापायला काही उरलेलंच नसतं, नंबर केव्हाच बंद झालेला असतो. त्यामुळे दबाव सगळा शब्दांचा. ‘सिबिल खराब होईल’ हे त्यातलं आवडतं वाक्य. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून पाहिला की धमकीत किती तथ्य आहे ते कळतं. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक आयोगात जाता येतं. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

कधी घरी ‘लोकअदालत’ असं ठळक छापलेली नोटीस येते आणि घरातली म्हातारी माणसं हादरतात. दावा दाखल होण्याआधीच्या, म्हणजे दाखलपूर्व प्रकरणाची ती नोटीस असेल, तर ती तडजोडीची हाक असते, समन्स नव्हे. तिथे जाऊन तडजोड नाकारता येते, त्याबद्दल अटक वगैरे होत नाही. मात्र तडजोडीवर सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का होतो आणि त्यावर अपील नाही. नोटीस खरी आहे का, ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारून घ्यावं. मीरा-भाईंदरला २०२५पासून स्वतःचं न्यायालयही आहे, चौकशीसाठी ठाण्याला खेटे घालायची गरज आता कमी झाली आहे. तडजोड वाईट असते असंही नाही. महावितरणने सप्टेंबर २०२४पासून कायमस्वरूपी तोडलेल्या जोडण्यांसाठी अभय योजना आणली, तिच्यात व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ होता. अशी योजना कंपनी जाहीरपणे काढते आणि पावती देते. फोनवर कुजबुजत दिलेली ‘स्पेशल ऑफर’ ही तिची जागा घेऊ शकत नाही.

बँकेच्या वसुली एजंटांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२मध्ये वेळ घालून दिली : सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, धमकी नाही, नातेवाइकांत आणि शेजाऱ्यांत बदनामी नाही. पण हा नियम बँका आणि वित्त कंपन्यांपुरता आहे. वीज किंवा फोनच्या बिलासाठी येणाऱ्या एजंटाला तो लागू होत नाही. अमेरिकेने वसुलीवाल्यांसाठी १९७७मध्येच वेगळा कायदा केला. ब्रिटनमध्ये २०१८पासून वीज आणि गॅस कंपन्यांना स्वतःच्या चुकीमुळे राहिलेलं घरगुती बिल बारा महिन्यांपलीकडे जाऊन मागता येत नाही. आपल्याकडे धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ आहे, पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. पण रोज सात फोन करून माणसाला जेरीस आणणं या कलमात बसवणं अवघड जातं. रिझर्व्ह बँकेला जे जमलं ते वीज नियामक आयोगाला आणि दूरसंचार क्षेत्राच्या नियामकाला, ट्रायला, न जमण्याचं काही कारण नाही. एजंटाचं नाव, ओळखपत्र, कंपनीचं अधिकारपत्र आणि फोनची वेळ एवढे चार नियम केले तरी हजारो घरांची झोप वाचेल.

तोवर ग्राहकाच्या हातात कागद आहे. कंपनीला, एजंटाला नव्हे, एक साधं पत्र लिहावं : खाते क्रमांक, बाकी कोणत्या महिन्यांची, पहिलं बिल कधी दिलं, ते कुणाच्या नावावर होतं, अनामतीचं काय झालं. पोच घ्यावी. खरोखर आपलीच बाकी निघाली तर भरून टाकावी, कारण वापरलेल्या विजेचे पैसे देणं लागतोच. पण ते कंपनीच्या केंद्रावर किंवा अधिकृत अ‍ॅपवर भरावेत, एजंटाच्या यूपीआयवर नव्हे, आणि खातं निरंक झाल्याचा दाखला मागून घ्यावा. समाधान झालं नाही तर कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावं. तिथे वकील लावावा लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. वीजचोरीच्या आरोपाची प्रकरणं मात्र या वाटेने जात नाहीत. आणि दोन वर्षांची मुदत कंपनीसारखीच ग्राहकालाही आहे : तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला नाही, तर मंच तो दाखल करून घेत नाही.