लग्नाची सीडी अजून चालते का? स्वस्तातला सीडी बर्नर घेताना आणि वापरताना हे माहिती हवं

माथेरानच्या पायथ्याला नेरळ. जून ते सप्टेंबर इथे पाऊस असा बसतो की कपाटातल्या कोरड्या कपड्यांनाही कुबट वास येतो. त्याच कपाटात, साड्यांच्या घडीखाली, बऱ्याच घरांत सीडीच्या दोन-तीन डब्या असतात. वर मार्करने लिहिलेलं असतं, भाग १, भाग २, भाग ३.

एकाच लग्नाचे तीन भाग का? तर एका व्हीसीडीवर जास्तीत जास्त ८० मिनिटांचा व्हिडिओ मावायचा. हळद एका सीडीवर, लग्न दुसऱ्या, वरात तिसऱ्या.

फोटोंचंही तेच. २६ जुलै २००५ च्या पावसात नेरळ-माथेरान मिनी ट्रेनचा मार्ग वाहून गेला, गाडी परत धावायला २००७ चा मार्च उजाडला. त्या काळात मेमरी कार्डं छोटी आणि महाग होती. कार्ड भरलं की स्टुडिओत जायचं, फोटो सीडीवर टाकून घ्यायचे आणि कार्ड रिकामं करायचं. म्हणजे मूळ प्रत तीच, एकुलती एक.

आता अडचण अशी की नवीन लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. आणि सीडी काही कायम टिकत नाही.

दुकानातून आणलेली गाण्यांची सीडी आणि स्टुडिओने भरून दिलेली सीडी दिसायला सारखी, पण जात वेगळी. गाण्यांच्या सीडीवर कारखान्यात साच्याने खड्डे उमटवलेले असतात. भरून दिलेल्या सीडीत मात्र रंगाचा एक पातळ थर असतो. बर्नरचा लेझर तो थर जागोजागी तापवून डाग पाडतो आणि तेच डाग नंतर वाचले जातात. हा रंग ऊन, उष्णता आणि दमट हवेने हळूहळू बिघडतो. त्यात सीडीचा हा थर खालच्या चकचकीत बाजूला नसून वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अगदी जवळ असतो. बॉलपेनने दाबून नाव लिहिलं किंवा चिकटवलेलं स्टिकर ओढून काढलं की थेट माहितीवरच ओरखडा. सीडी उजेडाकडे धरून बघा. बारीक भोकं दिसली तर तेवढा भाग गेला असं समजा.

म्हणून आज सीडी बर्नर घ्यायचा तो आधी जुनं वाचवायला, मग नवीन भरायला.

दुकानात ‘सीडी बर्नर’ मागितलात तर हल्ली डीव्हीडी रायटर पुढे येईल. तोच घ्या, सीडी आणि डीव्हीडी दोन्ही वाचतो, दोन्हीवर लिहितो. लॅपटॉप असेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा रायटर लागेल. नावाजलेल्या कंपनीचा साधारण दोन हजारांच्या आसपास मिळतो. ब्लू-रेवाला कित्येक पट महाग, घरगुती कामाला त्याची काहीच गरज नाही. वेगाच्या आकड्यालाही फार भुलू नका. सीडीचा एक पट वेग म्हणजे सेकंदाला १५० केबी. बाहेरचे पातळ रायटर बहुधा २४ पटींपर्यंत लिहितात आणि तेवढं पुष्कळ झालं.

घरी जुना डेस्कटॉप असेल तर सगळ्यात स्वस्त म्हणजे वापरलेला आतला रायटर. कल्याणला किंवा थेट लॅमिंग्टन रोडला शोधा, पण आधी डबा उघडून वायर बघून जा. रुंद, चपटी पट्टी असेल तर आयडीई, बारीक वायर असेल तर साटा. एकाचा रायटर दुसऱ्याला लागत नाही. ‘कॉम्बो ड्राइव्ह’ लिहिलेला टाळलेला बरा, तो डीव्हीडी नुसती वाचतो, लिहीत नाही. आणि वापरलेला घेताना घरातली एक जुनी सीडी सोबत न्या. दुकानदाराच्या कोऱ्या करकरीत सीडीवर कुठलाही ड्राइव्ह चालतो, खरी परीक्षा तुमच्या सीडीवर.

बाहेरचा रायटर जोडल्यावर नुसताच टकटक करत बसला तर लगेच खराब ठरवू नका. डिस्क फिरायला सुरुवात होते तेव्हा त्याला जास्त वीज लागते. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला लावा, मध्ये हब नको.

आता वाचवायचं काम. बुरशी किंवा डाग असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधून कडेकडे सरळ. गोल गोल नाही! गोल ओरखडा लेझरच्या वाटेवरच पडतो, आडवा ओरखडा तो बराचसा सांभाळून घेतो.

व्हीसीडीतला व्हिडिओ ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल म्हणून असतो. ती कॉम्प्युटरवर कॉपी करा, व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये चालते. डीव्हीडी असेल तर ‘व्हिडिओ_टीएस’ हा अख्खा फोल्डर उचला. कॉपी मध्येच अडकली तर पूर्ण सीडी गेली असं नसतं. सीडी आतून बाहेर भरली जाते आणि कडेचा भाग बहुतेक आधी बिघडतो, त्यामुळे फाइली एकेक करून घ्या. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह कधीकधी सहज वाचतो, शेजाऱ्यांकडे जुना कॉम्प्युटर असेल तर तिथेही लावून बघा. मिळालेल्या फाइली दोन ठिकाणी ठेवा, हार्ड डिस्कवर एक आणि पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन दुसरी.

आजही सीडी भरायची वेळ येते. एमआरआय, सीटी स्कॅनची सीडी अजून कित्येक ठिकाणी हातात दिली जाते आणि दुसऱ्या डॉक्टरांना द्यायला तिची प्रत हवी असते. ती करताना आतल्या दोन-चार फाइली निवडून घेऊ नका, संपूर्ण सीडी जशीच्या तशी उतरवा. फोल्डरांची रचना बदलली की डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर स्कॅन उघडत नाही.

विंडोजमध्ये कोरी सीडी घातली की दोन पर्याय विचारले जातात, पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. दुसऱ्याला द्यायची असेल तर दुसरा पर्याय. पहिल्या पद्धतीने भरलेली सीडी तुमच्याकडे चालेल आणि समोरच्याकडे कोरी दिसेल, असं होऊ शकतं. जुन्या गाडीतल्या प्लेअरसाठी गाणी भरायची असतील तर आधी बघा तो एमपीथ्री वाचतो का. नसेल तर ‘ऑडिओ सीडी’ करावी लागेल आणि मग ७०० एमबीचा हिशोब विसरा, ८० मिनिटं संपली की सीडी भरली.

सगळ्यात जास्त वेगाऐवजी मधला वेग निवडा. १६ पटीने अख्खी सीडी पाच-सहा मिनिटांत होते, घाई कशाला? लिहिणं चालू असताना लॅपटॉप चार्जरवर ठेवा. नेरळच्या पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि सीडी-आर अर्धवट राहिली की ती पुसून पुन्हा भरता येत नाही. लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’चा पर्याय दिसला तर तो चालू ठेवा. नंतर सीडी बाहेर काढून परत घाला आणि शेवटची फाइल उघडून बघा. कडेला असते ती हीच.